डोळ्याच्या कोपऱ्यातल्या तीन रेषा

मंगळवार, संध्याकाळ

हात तीनदा धुतले, तरी मेणाचा वास जात नाहीये. जाऊ दे. आज चुकलं ते आधी लिहून टाकते.

उत्तनचे पेद्रूकाका, मच्छीमार. मुलगा परदेशातून येईपर्यंत बॉडी ठेवायची, म्हणून मला हे काम शिकवणाऱ्या सरांनी देह टिकवायचं एम्बाल्मिंग केलं आणि चेहरा नीट करायचं पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलं. आमच्या पुस्तकात चेहऱ्याच्या खुणा दोन प्रकारच्या, जन्मजात आणि मिळवलेल्या. ओठावरची खाच जन्मजात, डोळ्यांकडच्या सुरकुत्या मिळवलेल्या. मला वाटलं, मिळवलेल्या म्हणजे नंतर झालेलं नुकसान. मेण भरून सगळ्या बुजवल्या. वर खूशही झाले! मूर्ख.

त्यांच्या बायकोने, रोझीमावशींनी, बघितलं आणि म्हणाल्या, "यो माजा मानूस न्हाय."

सर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "त्यांनाच विचार ना."

विचारलं. मावशींनी माझ्याच डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवून दाखवलं. डावीकडे तीन, उजवीकडे दोनच. उन्हात पाण्याकडे बघताना काका डावा डोळा जास्त बारीक करायचे म्हणे. मेण काढलं, दोन्हीकडच्या रेषा परत आणल्या. डावीकडच्या तिसरीने जीव काढला.

दुपारी नोकरी सोडायचं ठरवत होते. आता नाही. वहीत 'मिळवलेल्या'पुढचं 'बुजवणे' खोडून 'आधी घरच्यांना विचारणे' लिहिलंय.

कारण मावशींनी त्या तीन रेषांवरून बोट फिरवलं आणि चक्क काकांवर चिडल्या, "जल्मभर सांगितला, टोपी घाल, टोपी घाल!" मग पिशवीतून टोपी काढली आणि त्यांच्या हाताखाली ठेवली. कोरी करकरीत.