धुक्यात हाका मारायच्या नाहीत

आई, मागच्या आठवड्यात वर सड्यावर, आपल्या वाडीत जाऊन आले. आता घाटातून फाटा फुटलाय आणि अर्ध्या डोंगरापर्यंत गाडी जाते, पण तिथून पुढं पायच. ती चढण तू दुधाची किटली डोक्यावर घेऊन रोज उतरायचीस आणि चढायचीस. मी मोकळ्या हातानं चढताना ठिकठिकाणी बसले. बघितलं असतंस तर हसली असतीस. खानावळ चालवून चालवून मी चांगली गोल झालेय. कोल्हापूरजवळ कळंब्यात माझी खानावळ आहे, हे तुला ठाऊक नाही. कॉलेजची पोरं जेवायला येतात आणि मी दिवसभर ओरडत असते. कुणाला भाकरी पाहिजे, कुणाला रस्सा, मधेच गॅस संपतो, नळाचं पाणी जातं. काकूंचा आवाज कळंबा तळ्याच्या पलीकडं जातो, असं ती पोरं म्हणतात. तुझ्या पोटी ही असली बोंबलणारी कशी जन्मली कोण जाणे. तू दिवसभरात जे काय बोलायचीस त्यातलं निम्मं म्हशींशी असायचं.

सोबत तुझी नात होती. तू गेल्यावर झाली ती, त्यामुळं तुमची गाठभेट नाही. कोल्हापूरच्या पोरींसारखी 'मी आलो, मी गेलो' बोलते, आणि माझ्याही तोंडात आता तेच बसलंय. कोल्हापूरला कॉलेजात झाडापानांचंच शिकते, आणि आजीचा सडा बघायचाय, तिथली फुलं बघायचीत, म्हणून माझ्या मागं लागली होती. तिच्या दोघी मैत्रिणीही आल्या. वाडीत आता दोनच चुली पेटतात. आपल्या घराचं जोतं तेवढं उरलंय. त्यावर रानकेळी उगवल्यात. शेजारची काकी मात्र आहे अजून. कंबरेत वाकलीय, पण म्हैस स्वतः पिळते. आम्ही तिच्याकडंच उतरलो. मला बघून म्हणाली, "किती सुटलीयास गं. आईसारखी व्हशील वाटलं हुतं." तिचं बोलणं तुला माहीतच आहे.

वर चढतानाच मी पोरीला तुझा नियम सांगितला. पूर्वीही सांगितला होता, पण तेव्हा तक्रार म्हणून. तू तो मला कसा शिकवलास ते मी अजून विसरलेली नाही. पावसाळ्याचे दिवस आहेत, कोकणातून कड्यावर धुकं चढून आलंय आणि अंगणातली म्हैससुद्धा दिसत नाही. मी लहान आहे. दारात उभी राहून उगीच गंमत म्हणून शेजारच्या पोरींना हाका मारतेय. तू चुलीपुढनं उठून येतेस आणि मला एक ठेवून देतेस. गालावर नाचणीच्या पिठाची बोटं उमटतात. "धुक्यात हाका मारायच्या न्हाईत," एवढंच म्हणतेस आणि परत भाकरी थापायला बसतेस. मी रडून रडून दमल्यावर, जेवताना, तू खालच्या आवाजात काकीच्या नवऱ्याचं सांगितलंस. तो असाच धुक्यात अडकला होता. काकीनं काळजीनं दारातून हाक मारली. बिचारा आवाजाच्या रोखानं सरळ चालत आला, आणि मधे घळ होती.

तेव्हापासून वाडीची रीत पडली. धुक्यात जो अडकेल त्यानं आहे तिथं बसायचं, पाठीवरचं पानांचं इरलं डोक्यावर घ्यायचं आणि हलायचं नाही. घरच्यांनी ओरडायचं नाही. जुनी, रुळलेली म्हैस सोडायची आणि तिच्या मागून जायचं. म्हैस आपली रोजची वाट सोडत नाही, कड्याकडं जात नाही, आणि तिच्या गळ्यातली घंटी ऐकून बसलेल्याला कळतं की आपली माणसं आली. "हाक माणसाला उठवती," तू म्हणालीस, "घंटी माणसाकडं येती." मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "आन माझ्या आवाजात हाक आली तरी उठायचं न्हाय. ती मी नसतीय."

त्यानंतर रेडकू हरवलं तो दिवस. सकाळी स्वच्छ होतं. रेडकू चरत चरत पुढं गेलं आणि मी त्याच्या मागं. सडा फुलांनी भरलेला, पायाखाली कातळ, कातळावर पाणी. मी रेडकाला शिव्या देत चाललेय आणि बघता बघता धुकं आलं. पहिल्यांदा रेडकू दिसेनासं झालं, मग माझे पाय. मी एका अंजनीच्या झुडपाला धरून खाली बसले. इरल्यावर पाणी वाजत होतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. आणि मग लांबून हाक आली, "बाये." तूच मला बाये म्हणायचीस, दुसरं कुणी नाही. मी उठले, एक पाऊल टाकलं, आणि गालावरचं पीठ आठवून परत बसले. खूप रडले. पुढं कधीतरी घंटी वाजत आली, म्हशीचं ओलं नाक माझ्या मानेला लागलं आणि तिच्या मागून तू. तू मला जवळ घेतलं नाहीस. मला चाचपून बघितलंस, एखादी पाटी फुटलीय का बघावं तसं, आणि म्हणालीस, "चल, दूध काढायचं ऱ्हायलंय."

घरी चुलीपुढं बसल्यावर मी विचारलं, हाक तू मारलीस का. तू निखारे सारखे करत होतीस. "म्या न्हाय मारली. मी कशाला मारतीय?" म्हणालीस. मला खरं वाटलं. तू खोटं बोलतेस असं माझ्या कधी मनातच आलं नाही.

आणि तेव्हापासून मला राग होता, आई. पोर धुक्यात हरवलंय आणि आईच्या तोंडातून साधी हाक निघत नाही, म्हणजे काय काळीज म्हणायचं. लग्न होऊन कोल्हापूरला आले तर तिथं गल्लीत तिन्हीसांजेला आया पोरांच्या नावानं हाका मारायच्या. ते ऐकलं की मला तुझी आठवण यायची, आणि ती चांगली नसायची. माझी आई मला शोधायला आली ती म्हशीच्या मागून, जसं काय म्हैसच हरवली होती, असं मी सासरी हसत हसत सांगायचे. सगळे हसायचे. सासरी जाताना तू मला त्या जुन्या म्हशीची घंटी दिलीस, म्हैस तेव्हा नुकतीच गेली होती. बाकीच्या पोरींना आयांनी भांडीकुंडी दिली आणि मला घंटी. ती आता खानावळीत खुंटीला आहे. जेवण तयार झालं की वाजवते.

आता मागच्या आठवड्याचं. दुपारी जेवून पोरी सड्यावर फुलं बघायला गेल्या. ऊन होतं. मी काकीपाशी गप्पा मारत बसले. तासाभरानं कड्याकडून धुकं वर आलं आणि थोड्या वेळानं दोघी मैत्रिणी धापा टाकत आल्या. तुझी नात नव्हती. ती सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांचे फोटो काढत मागं राहिली होती, येतेय असं यांना वाटलं. फोनला रेंज नाही. दोघी अंगणात जाऊन तिच्या नावानं ओरडायला लागल्या. मी चपला शोधतेय तोवर काकी उठली. काठी आपटत बाहेर गेली. "गप ऱ्हावा गं. वरडू नगासा. पोरगी उठंल." पोरी घाबरून गप्प झाल्या. काकीनं म्हैस सोडली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली. मी निघाले तर मला म्हणाली, "तू नगं. तुला वाट आठवती व्हय? एकीला हुडकायची का दोघीस्नी?" आणि म्हशीच्या मागून धुक्यात शिरली. घंटी थोडा वेळ ऐकू आली, मग तीही येईना.

पोरींना मी चुलीपाशी बसवलं, अजिबात ओरडायचं नाही म्हणून बजावलं आणि मागच्या परड्यात आले. पुढं नुसतं पांढरं. माझी पोर त्यात कुठंतरी होती. दिवसभर रस्सा-भाकरीसाठी ओरडणारी मी, आणि आता जिच्यासाठी ओरडायचं तिच्यासाठी गप्प उभी. पदर तोंडात धरला. घळ कुठल्या बाजूला आहे ते आठवायचा प्रयत्न केला, आठवेना. तू इथंच उभी राहिली असशील का, असं मनात आलं. आणि मग तोंडातला पदर कधी सुटला ते मला कळलं नाही. "बाये." तुझाच शब्द, तुझ्याच सुरात, माझ्या पोटातून आला. एकदाच. लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून मी खाली चिखलात बसले. ती उठली असेल का, तिच्या-माझ्या मधे काय आहे, हेच डोक्यात. त्यानंतर घंटी ऐकू येईपर्यंत मी जिवंत नव्हते म्हण.

घंटी आली. म्हैस आली, काकी आली आणि मधे काकीचा पदर धरून तुझी नात. चिंब भिजलेली, दातावर दात वाजतायत, पण धड. अंजनीच्या झुडपात पाठीवरची सॅक डोक्यावर घेऊन बसली होती म्हणे. मी तिला इतकी घट्ट धरली की ती ओरडली. चुलीपुढं बसवून तिला कोरा चहा दिला. अर्धा कप पोटात गेल्यावर ती म्हणाली, "मम्मी, तू हाक मारलीस न्हवं? मला ऐकू आली की. निम्मा उठलोवतो मी. पण आजीचं आठवलं, म्हणून बसलो परत." माझं एक अक्षर न ऐकणारी ही पोरगी, कधी न पाहिलेल्या आजीचं ऐकून जागेवर बसली होती.

मी म्हणाले, "मी न्हाय मारली. मी कशाला मारतो? गप चहा पी."

का खोटं बोलले ते बोलता बोलताच मला कळलं. मारली म्हटलं असतं, तर पुढच्या धुक्यात हाक आली की तिला वाटलं असतं मम्मीच आहे, आणि ती उठली असती. एवढं मनात येतंय तोवर माझ्या हातातला चहा तसाच राहिला, कारण हेच शब्द मी ऐकलेले होते, अशाच चुलीपुढं. काकीनं माझ्याकडं बघितलं. "तुझी आय बी असंच म्हनली हुती," म्हणाली आणि म्हशीला पेंड घालायला उठून गेली. मागोमाग जाऊन विचारावं असं वाटलं. पण मी निखारे सारखे करत बसले.

हा कागद टपालात टाकायचा नाही. पोरीच्या हाताला तर अजिबात लागायला नको, म्हणून सकाळी पाणी तापवायच्या बंबात घालीन. तिला मी नाही म्हणालेय आणि नाहीच म्हणत राहीन. तुला म्हणून सांगते, हाक मीच मारली होती. मला राहवलं नाही. आता तुझं सांग.