काळ्यावर काळं

रविवार, ता. १४, दुपार

प्रिय दादा,

कोट मांडीवर आहे आणि मी त्यात माझंच रफू शोधते आहे. खांद्यापासून सुरुवात केली, खिशापर्यंत आले, अजून नाही. मान आखडली म्हणून थांबले आणि पत्र लिहायला घेतलं. तुला आणि वहिनीला नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आधी उत्तरं देऊन टाकते. जेवण वेळेवर होतं. झोप लागते. घरमालकीण अजून हसून बोलते. जिन्यातला दिवा शेवटी मीच बदलला. वहिनीच्या गुडघ्यांना शेक दे आणि तिला माळ्यावर चढवू नकोस, ती नाही म्हणणार नाही. सगळं झालं बहुतेक.

आता कोटाचं. कोट आमच्या नव्या मालकांचा. नवे मालक म्हणजे जुन्या मालकांचे जावई. सासऱ्यांनी कपडे धुण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान त्यांच्या गळ्यात बांधलं, तेव्हापासून ते गाठ कुठे आहे ते बघताहेत. धुलाई चालते. दुरुस्तीला माणूस येत नाही. फाटलं की लोक टाकतात आणि नवं आणतात. दुरुस्तीच्या टेबलाला आम्ही दोघं, मशीनवर शिंपीकाका आणि हातसुईवर मी. जावयांनी सांगून टाकलं की खुर्ची एकच राहील. सोमवारी ठरवणार. म्हणजे उद्या.

"ज्याचं काम उठून दिसेल तो राहील," म्हणाले.

तूही तेच लिहिलं आहेस. दिवस वाईट आहेत, कामं मिळत नाहीत, चारचौघांत उठून दिसायला शीक. तुम्ही दोघं कुठे भेटला होतात का?

तूसुद्धा आईच्या हाताखाली दोन वर्षं बसला होतास. रफू उठून दिसलं की ती काय म्हणायची? "उसव." पुढे एक शब्द नाही. तू त्या शब्दाला कंटाळून दुकान काढलंस, मी राहिले.

तर जावयांनी घरून दोन काळे कोट आणले, दोन्हींना कसर लागलेली. एक काकांना दिला, एक मला. काकांनी भोकावर लाल कापडाचं पान शिवलं, कडेने बारीक टीप घातली. चांगलं शिवलं होतं, खोटं का बोलू. जावयांनी फोन काढून चारी बाजूंनी फोटो घेतले. मी आतल्या शिवणीत माया म्हणून सोडलेल्या जादा कापडातून धागे काढले, त्याच धाग्यांनी भोक विणून घेतलं आणि अस्तर होतं तसं बंद केलं. मग माझा कोट टेबलावर आला.

"कुठे आहे?"

"आहे."

"अहो, पण कुठे?"

"शोधा की."

त्यांनी शोधलं. दिव्याखाली धरला, दारात नेला. धुलाईवाल्या दोघी हात पुसत आल्या, त्यांनी शोधलं. काका म्हणाले, "साहेब, बाईंनी कोटच बदलून आणला नसेल ना?" सगळे हसले. मीही हसले.

"बाई, काम चांगलं असेल," जावई म्हणाले, "पण ते झालंच नाही असं वाटतं. गिऱ्हाइकाला मी दाखवू काय?"

"भोक नाही हे दाखवा."

"आणि ज्याने भोक पाहिलंच नव्हतं त्याला?"

माणूस मूर्ख नाही. मग त्यांनी कोट माझ्याकडे सरकवला. "बरं, तुम्हीच दाखवा."

मला सापडेना.

मी कोट फिरवला, झटकला, पुन्हा फिरवला. काका तर खुर्चीवरून खाली यायचे राहिले. जावयांनाही हसू आवरलं नाही. "घरी न्या," म्हणाले, "सोमवारी बोट ठेवून दाखवा. फक्त अस्तर उसवायचं नाही." बरोबरच आहे. अस्तर उसवलं तर मागच्या बाजूने धाग्यांची टोकं लगेच दिसतील. ते शोधणं नव्हे.

हे मी तुला गंमत म्हणून लिहिणार होते. दोन-तीन दिवस डोक्यात तसंच जुळवत होते. बाईने असं रफू केलं की बाईलाच सापडेना. ऐकायला झकास आहे. वहिनीने शेजारपाजारी सांगितलं असतं.

आता पुन्हा खांद्यापासून खाली आले. नाही.

तुझा एक प्रश्न मी वगळला. डोळे कसे आहेत? मागच्या खेपेलाही वगळला होता, तेव्हा त्या जागी तुला शेजारणीच्या मांजराची लांबलचक हकिगत लिहिली. दादा, काळ्यावर काळं मला दिसत नाही. पांढऱ्याला अडचण नाही, राखाडीला खिडकी लागते. काळ्याला मी बोटं लावते. हे रफू निम्मं अंदाजाने झालं आहे. ते कोणालाच सापडलं नाही तेव्हा त्या दुकानात सगळ्यात जास्त चकित मी होते.

चष्मा करून घेतला आहे. डबीतच आहे. इस्त्रीवाल्याने चष्मा लावला त्याच आठवड्यात जावयांनी त्याला घरी बसवला, कपडा जाळशील म्हणून. त्यानंतर मी डबी दुकानात नेलेली नाही.

तुला का कळवलं नाही हेही लिहिते. कळवलं असतं तर तू उलट टपाली लिहिलं असतंस, ये, माझ्या गल्ल्यावर बस. आईची नजर गेल्यावर तिलाही तू तसंच बसवलंस. चांगल्या मनाने बसवलंस, त्यात शंका नाही. पाठीला उशी, डोक्यावर पंखा. दारातून जो येईल त्याला ती "या, बसा" म्हणायची. एकदा कुत्र्याला म्हणाली, आणि गिऱ्हाइकं हसली, आणि तूही हसलास. मी भेटायला आले की ती माझ्या बाहीची कड दोन बोटांत धरायची आणि चोळत राहायची. तू म्हणायचास, लेकीची माया. मायाही असेल. पण ती कापड बघत होती. तू मला सांगायचास, तिला इथे बरं वाटतं. तिला बरं वाटत नव्हतं, दादा. तिला काही काम नव्हतं.

ती खुर्ची मला नको. रागाने लिहीत नाही. थोडं रागानेच.

थांब, चष्मा लावते.

सापडलं. डाव्या खिशाच्या वर, चार बोटांवर. आणि चूक आहे. एक आडवा धागा दोन उभ्यांवरून गेला आहे, एकाच्या खालून जायला हवा होता. दुकानभर माणसांना दिसली नाही, पण आहे. मी पुढे काय केलं असेल ते तुला कळलंच असेल.

उसवलं. मायेतला एक धागा उरला होता तो सुईत घातला, पहिल्या फटक्यात ओवला गेला. अस्तराला हात लावला नाही. ऊन उतरलं तरी टाका दिसत होता. चष्मा लाव हे मला कोणी वेळेवर सांगायला हवं होतं. तूच सांगत होतास, पण तू सांगतोस त्यातलं निम्मं मी ऐकत नाही, हे तुलाही माहीत आहे.

उद्या चष्मा घरूनच लावून जाणार. बोट ठेवून दाखवणार आणि चूक होती हेही सांगणार. लाल पान शिवणार नाही. मला येतं, काकांपेक्षा बरं येतं, पण शिवणार नाही. काढायचं असेल तर काढतील. कपडे धुणारी दुकानं गावात आणखी आहेत. एक नाही म्हणेल, दुसरं नाही म्हणेल. नाही ऐकायला डोळे लागत नाहीत.

तू उत्तर लिहिशील त्यात गल्ल्याचा विषय नको. वहिनीच्या त्या राखाडी स्वेटरचं कोपर फाटलं होतं, तो पाठव. कोणाला शिवायला दिला असशील तर परत आण.

कोणाच्याही खुर्चीत न बसणारी,
तुझी धाकटी

सोमवार, दुपार

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून हे खाली. बोट ठेवून दाखवलं. जावयांनी वाकून पाहिलं, त्यांना तरीही दिसलं नाही, पण मान हलवली. चूक सांगितली, चष्म्याचंही सांगितलं. खुर्ची शिंपीकाकांना मिळाली. कधी रफू आलं तर बोलावीन, म्हणाले. मी म्हटलं, बोलवा, दर मी सांगेन. तिथून निघून दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात गेले. त्यांनी एक काळी पँट पुढे टाकली आणि म्हणाले, करून दाखवा. मी बसायला स्टूल मागितलं. दिलं.