डाव्या पायाचं माप

१० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आजोबा-पणजोबांचा देश आणि तू, दोन्ही पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहायचंय, असं बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. आम्हा दोघांच्या तिथे यायच्या परवान्यांचे अर्ज मी भरले. सगळं खरं लिहिलं की काम होतंच, असं मी म्हटलं तर आई हसली.

बाबा तुझ्यासाठी बूट शिवणार आहेत. कागदावर दोन्ही पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि पाठव. लहानपणी तू त्यांचे बूट घालून पळायचीस, म्हणून टाचेत एक खिळा उलटा ठोकणार आहेत म्हणे.

लोभ आहेच, भेटीत वाढेल.
तुझी भाची

२ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

मापं सोबत आहेत. उजवा वेडावाकडा आलाय, डावा बघ कसा सुबक. तुझ्या बापाला सांग, मी हल्ली खिडकीशीच बसते. त्याने जिन्यातून हाक मारली तरी उठायची नाही. धाकटा तो आहे, त्यानेच वर यावं. तू मात्र घरातली पहिली पदवीधर, तू आधी आत यायचंस.

वाट पाहणारी,
आत्या

१८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझा परवाना आला, बाबांचा नाकारला. तिथे जन्मून जे निघून गेले, त्यांना परत येता येत नाही. मी कधी तिथे पाऊलही ठेवलं नाही, मला येता येतं. पुन्हा अर्ज केला, कचेरीत साहेबांना भेटले. ते म्हणाले, शिकलेल्या आहात, नियम कळत असेल.

बाबा ऐकून घेऊन पुन्हा कामाला बसले. आता त्यांचं एकच मागणं आहे. मी बूट घेऊन जावं आणि ते घालून तू दारात उभी असलेला फोटो आणावा. दुकानात समोरच लावणार आहेत.

तुझी,
भाची

९ एप्रिल

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तो फोटो निघायचा नाही. साखरेच्या आजारात माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला दोन वर्षं झाली. पाठवलेला डावा शेजारणीच्या सुनेचा.

तो आला असता तर त्याचा हात धरून सांगितलं असतं. पत्रातून नको. तो कसा रडतो ते मला माहीत आहे, आणि गप्प करायला मी तिथे नाही. तुला खोटं जमत नाही, हे कळतं. तरी सांगू नकोस.

आत्या

२७ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र फाडून टाकलं. आत्या बरी आहे, असं मी बाबांना सांगितलं. जमणार नाही असं वाटलं होतं. सहज जमलं, याचंच वाईट वाटतंय.

उजवा बूट तयार आहे. डावा बाबांनी दोनदा उसवला. म्हणतात, अक्काचा अंगठा असा नव्हताच, तिने बसल्या बसल्या घाईत काढलंय. उभं राहून, अंगाचा सगळा भार टाकून पुन्हा काढायला लिही. चामडं कापून ठेवलंय. रोज विचारतात, माप आलं का.

मी पुढच्या महिन्यात येते, एकटीच. फोटोचं काय सांगायचं ते तिथे बसून ठरवू. त्याआधी, आत्या, एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या डाव्या पायाचं माप काढून पाठव. तिला नीट उभी राहायला सांग.

तुझीच,
टकळी