उलट्या माशाचा उपास

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून (आणि हातमोजे काढून) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? तुझा दातांचा दवाखाना जोरात चालला असेलच, तुझ्या हाताला यश आहे हे मी माझ्या पेशंटांच्या तोंडूनही ऐकतो (आणि ऐकून घेतो). इकडे आम्ही सगळे मजेत. म्हणजे माणसं मजेत. मासा मजेत नव्हता. तो तू दिलेला, तेव्हा ही गोष्ट तुला बाहेरून कळण्याआधी आपणच कळवावी म्हणून हे पत्र. घाबरू नकोस, मासा जिवंत आहे. पण म्हणून मधला मजकूर गाळू नकोस. तुला ती सवय आहे, रहस्यकथासुद्धा तू मागून वाचतेस.

माझ्या दवाखान्याची बाहेरची खोली पाहून तू म्हणाली होतीस की इथे बसलेली माणसं दात दाखवायला आलीत की शिक्षा भोगायला हेच कळत नाही, इथे काहीतरी जिवंत ठेव. आणि दुसऱ्याच दिवशी काचेची टाकी, पंप आणि हा गोल गरगरीत नारिंगी गोल्डफिश घेऊन हजर झालीस. माझ्या मदतनीस बाईंनी त्याचं नाव भोपळ्या ठेवलं. (बाई मला हत्यारं हातात देतात, पेशंटांना वेळा देतात आणि दोघांनाही बोलणी देतात.) माझं आणि माशाचं काही देणंघेणं नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. लोक मान डोलवत, कारण मी हे टाकीची काच पुसता पुसता सांगत असे.

गेल्या आठवड्यात एका सकाळी दिवा लावला, तर भोपळ्या पाण्यावर उलटा. पोट वर, पाठ खाली. मला वाटलं, आटोपलं. काचेवर टिचकी मारली तर त्याने एक पर हलवला. जिवंत होता बिचारा! खाली जायला तो जिवाच्या आकांताने धडपडे, वीतभर जाई आणि बुडवलेल्या चेंडूसारखा पुन्हा वर. ताई, कण्हणारी तोंडं मी रोज पाहतो, ती मला चालतात. पण न कण्हणारं आजारी तोंड बघवत नाही गं.

त्यात पहिला पेशंट म्हणजे आमचे ट्रक ड्रायव्हर. दारातून तिरपे आत येतात एवढे आडवे, घाटातून रात्रंदिवस ट्रक हाकतात, पण दाताच्या खुर्चीचं नाव काढलं की दाराकडे सरकू लागतात. त्यांनी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, दाढ आता अजिबात दुखत नाही असं जाहीर केलं आणि निघून गेले. बाईंनी घाईघाईने टाकीवर पांढरा टॉवेल टाकला. मग तर विचारूच नकोस. पुढे आलेला प्रत्येक जण टॉवेल बघून हळू आवाजात विचारायचा, कोण गेलं?

माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, हा टाकून द्या, असाच दुसरा देतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. मी त्याला असं काही सुनावलं की दुकानातले पोपटसुद्धा गप्प बसले. (मी ओरडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.) शेवटी मागच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांना हात धरून आणलं. त्यांचा सगळा जन्म म्हशींत गेला, पण माणूस सहृदय. वाकून बराच वेळ बघत राहिले. मग सांगितलं की माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर तो पाण्यात हवा तिथे राहतो. खादाडी झाली, वरवर तरंगणारं कोरडं खाणं हवेसकट गिळलं की पोट फुगतं, पिशवी दाबली जाते आणि तोल जातो. गोलमटोल जातीत हे जास्त. औषधाची घाई नको. आधी दोन-तीन दिवस कडकडीत उपास. पाणी स्वच्छ, किंचित कोमट आणि कमी, म्हणजे त्याला फार धडपडायला नको. मग उकडलेल्या मटाराचा साल काढलेला गर, अगदी थोडा. जाता जाता त्यांनी विचारलं, याला खायला कोण घालतं? बाई म्हणाल्या, मी, सकाळी एक चिमूट. डॉक्टरांनी खाण्याचा डबा उचलून हलवला. नवाकोरा डबा, आणि तळाशी जेमतेम चमचाभर शिल्लक.

मी माझ्या खोलीचं दार थोडं किलकिलं ठेवलं आणि ड्रिल चालवता चालवता बाहेर लक्ष ठेवलं. ड्रिलचा आवाज झाला की बाकावर नंबर लावून बसलेल्या एक आजी उठत आणि डब्याकडे हात जाई. आत कुणी 'आई गं' म्हटलं की बाहेर दोघे उठत. तेवढ्यात सुजलेला गाल घेऊन ड्रायव्हर परत आले, त्यांची तर मूठच डब्यात. भोपळ्या उलटा पडून मिळेल ते गिळत होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, ताई. प्रत्येकाला वाटे, बिचाऱ्याला भूक लागली असेल. माझ्या दाराशी आलेल्या सगळ्यांची भीती तो एकटा खात होता.

बाईंनी डबा कुलपात टाकला आणि पाटी लावली: 'माशाचा उपास आहे.' त्याने मासा वाचला, पण खोली गेली. रिकाम्या हातांनी लोक करणार काय? आजींनी मासिकाच्या बारीक बारीक चिंध्या केल्या. गालाची सूज उतरेपर्यंत रोज येऊन बसणाऱ्या ड्रायव्हरनी बाकाचा एक स्क्रू नुसत्या बोटांनी काढला. (मी पान्याने घट्ट बसवला होता.) उपास संपला त्या दिवशी मी मटार उकडून आणले आणि वैतागून वाटीच त्यांच्यापुढे ठेवली, घ्या, सोला. आणि काय सांगू, खोली एकदम शांत! एका दाण्याचं साल न फाटता निघावं म्हणून माणसं श्वास रोखून बसली. ड्रायव्हरच्या हातून पहिल्यांदा नुसता लगदा झाला, मग जमायला लागलं. माशाला लागतो पाव दाणा, वाटी मात्र शिगोशिग.

पण गर जाई तळाला आणि मासा वर. शेवटी माझा दाताचा चिमटा काढला, खुर्चीवरचा मोठा दिवा उघड्या दारातून टाकीवर वळवला आणि कणभर गर त्याच्या तोंडाशी धरला. मागे सगळी खोली गोळा झालेली, बाईंच्या सूचना चालू. भोपळ्याने तोंड उघडलं. या दवाखान्यात कुणीतरी मी न सांगता आपणहून तोंड उघडण्याची ती पहिलीच वेळ.

पुढच्या दिवशी ड्रायव्हरची दाढ भरत होतो. बाहेरून बाईंची किंकाळी आली. मी धावलो, माझ्यामागे गळ्याला फडकं आणि तोंडात कापूस अशा अवताराचे ड्रायव्हर. भोपळ्याचं पोट मोकळं झालं होतं. (तपशील तू डॉक्टर असलीस तरी देत नाही.) तो आधी कलंडला, थोडा वेळ आडवा राहिला, मग हळूहळू सरळ होत तळाच्या खड्यांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आजी हात जोडून उभ्या. ड्रायव्हर कापसातून हुंदके देत होते. मीही रडलो, उगाच कशाला लपवू. मग ड्रायव्हर आपल्या पायांनी आत गेले आणि खुर्चीत जाऊन बसले.

आता तो चिमूटभरच खातो, तेही भिजवलेलं. भावजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. त्याला सोबत म्हणून दुसरा मासा पाठवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

ता. क. दुसरा. डॉक्टरांनी खायला कोण घालतं असं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो होतो. सकाळी बाई येण्याआधी पहिली चिमूट माझी असे. दुपारी एक, संध्याकाळी एक. कारण महिनाभर माझी खालची डावी दाढ ठणकते आहे. एक्स-रे मीच काढला, मीच पाहिला. काढावी लागणार. गावात दुसरा दातांचा डॉक्टर आहे, पण त्याच्याकडे गेलो तर माझ्या बाकावर कोण बसेल? येत्या रविवारी तुझ्याकडे येऊ का? सगळ्या पेशंटांच्या आधी घे, मला बाहेर बसवू नकोस.

ता. क. तिसरा. भूल देताना हात धरायला तुझ्याकडे कुणी आहे का? तुझे दोन्ही हात कामात असतील म्हणून विचारतो.