पुलाला दगा मिस्तरीचं नाव

८ जाने., गुरु.
फाट्यावरचा उड्डाणपूल एकदाचा सुरू झाला. धुळ्याच्या गाड्या आता गावाच्या डोक्यावरून जातात, एसटी सोडली तर कोणी खाली थांबत नाही. चहावाला तात्या सकाळपासून शिव्या देतोय. मी दोनदा पायी वर जाऊन आलो. आपलं घर दिसतं का बघायला. नाही दिसत. टाकी दिसते.

पाण्याची टाकी नाना नि दगा मिस्तरीची. नाना म्हणजे आजोबांचा धाकटा भाऊ. दोघांनी तरुणपणी टाकी बांधली, शाळेच्या खोल्या बांधल्या, नाल्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, टाकली. नाना माणसं नि दगड गोळा करणार, मिस्तरी बांधणार. मजुरी कोणीच घेतली नाही. फरशी झाली तेव्हा पोरी पावसाळ्यातही शाळेत जायला लागल्या, आत्या त्यातलीच. आता ती फरशी भरावाखाली गेली आणि बरोबर तिच्यावर हा पूल. म्हणून गावाचं म्हणणं, पुलाला दोघांचं नाव द्या.

मला पटतं. पण गावाला पटलं म्हणून काही होतं का…

९ जाने., शुक्र.
सरपंचांबरोबर जळगावला, बांधकाम खात्याच्या ऑफिसात. मी कशाला? तर गाडी चालवायला. साहेब चांगला होता, पाणी दिलं. म्हणाला, ग्रामसभेचा ठराव आणा, वर पाठवतो, मात्र हयात माणसाचं नाव चालत नाही.
सरपंचांनी विचारलं, हयात म्हणजे?
म्हणजे जिवंत, साहेब म्हणाला.
मिस्तरी कधीचा वारलाय, तो चालेल. नाना घरी ओट्यावर बसून कापूस वेचण्यावरून सुनेशी वाद घालतोय. तो नाही चालणार.
येताना मी गाडी उगाच जोरात हाणली.

११ जाने., रवि.
पारावर बैठक. सरपंचांनी साहेबाचं सांगितलं.  मग कोणीतरी म्हणालं, थोडं थांबू या मग. कशासाठी थांबायचं ते कोणी बोलेना. जो तो आपल्या चपलांकडे बघतोय. नाना भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "मन्हा मरानी वाट दखी ऱ्हायनात का रे भो?"
सगळे हसले. जरा जास्तच हसले.
मग नाना म्हणाला, माझं राहू द्या, दगाचं लावा, एकट्याचं. पुन्हा म्हणाला. त्याला हे हवंय, मनापासून. मिस्तरी बाहेरचा माणूस, पिंपळनेरकडचा, इथे त्याचं ना घर ना शेत ना भाऊबंद. नाना गेल्यावर त्याचं नाव घेणारं कोणी उरणार नाही.
एवढ्यात माजी सभापती (यापुढे स.भाऊ) हळूच म्हणाले, मिस्तरी गावचा नव्हे, मग आमच्या वडिलांचं का नको? त्यांच्या वडिलांनी काय बांधलं ते कोणाला आठवत नाही. पण वारलेले आहेत, तेवढं भांडवल पक्कं.
शेवटी ठरलं: २६ च्या ग्रामसभेला मिस्तरीच्या घरचं कोणी येऊन उभं राहिलं तर त्याचं नाव, नाहीतर स.भाऊंच्या वडिलांचं.
पिंपळनेरला कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आयटीआय सोडल्यापासून रिकामा मीच.

१३ जाने., मंगळ.
पिंपळनेरला निघालो. सावद्याला पोचलो.
झालं असं की फाट्यावर माझ्या मित्राचा, दिल्याचा ट्रक उभा. तो केळी भरायला सावद्याला चाललेला, म्हणाला, चल, संध्याकाळी परत सोडतो. पिंपळनेर पश्चिमेला, सावदा पूर्वेला, मला काय कळत नव्हतं का? पण ट्रकच्या केबिनमध्ये वर बसलं की…
केळीचे घड खांद्यावरून वाहिले. चिकाचे डाग पडले शर्टाला. आई मारणार.

१५ जाने.
संक्रांत सावद्यातच गेली. ट्रक भरून दिल्लीकडे गेला, दिल्याही गेला. मला सोडतो म्हणाला होता.

१७ जाने., शनि.
नशिराबादला एकाच्या शेतात भरीत पार्टी. काड्यांच्या जाळात भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. चुलतभावाचा मित्र भेटला होता, नाही म्हणता येईना. खाताना कोणीतरी विचारलं, काय करतो सध्या? म्हणालो, एका मेलेल्या माणसाच्या घरच्यांना शोधतोय. सगळे थांबले, मग पुन्हा जेवायला लागले.
नानाचा फोन. "पोचना का?" हो म्हणालो. मग झोप लागेना.

१९ जाने., सोम.
आज खरंच पिंपळनेर. धुळे, साक्री, मग पुढे. डोंगर जवळ आले की बरं वाटतं, पण उतरायचं ध्यानात ठेवलं.
घर विचारत विचारत सापडलं. बाई अंगण सारवत होती, तिचं नाव सुमनअक्का, मिस्तरींची मुलगी. बाजेवर एक म्हातारा शेंगा फोडत बसलेला. मी म्हणालो, दगा मिस्तरींच्या घरच्यांना भेटायचं होतं, ते वारले ना, त्यांच्यासाठी…
म्हातारा म्हणाला, "वारना? कव्हय वारना?"
अक्का हसायला लागली. ती हसतेय, मी उभा. मग त्यानेच हाताने खूण केली. "मीच शे दगा मिस्तरी. बठ."

बसलो. शेंगा फोडायला घेतल्या, दुसरं काय करणार.
मग सगळं कळलं. फार वर्षांपूर्वी मिस्तरी परांचीवर बसून गिलावा करत होता, एक कावळा येऊन थेट डोक्यावर बसला. बायको घाबरली. अशा वेळी आपल्याकडे करतात तेच केलं: सगळ्या सोयऱ्यांना, दोस्तांना सांगावा धाडला की मिस्तरी गेला. ते रडले की घात टळतो. दुसऱ्या दिवशी खरा सांगावा धाडायचा. धाडलाही. सगळीकडे पोचला, फक्त आमच्या गावी नाही. आमच्याकडे येणारा माणूस वाटेत कुठल्या जत्रेत रमला.
मी खाली मान घालून शेंगा फोडत राहिलो.
आणि नाना? नानाने त्या थंडीत विहिरीवर अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केलेली, हे मला घरी लहानपणापासून माहीत. दुखवट्याला दारावर जायला निघणार तोच आजी आजारी पडली, जाणं राहिलं. मिस्तरीला वाटलं, मी मेलो असं कळलं तरी नाना आला नाही. रागावला. मग राग गेला, पण अंतर राहिलं.
पुलाचं सांगितलं. हयात माणसाचं चालत नाही तेही. मिस्तरीने शेंगा बाजूला सारल्या. "मोठा पूलले? मन्हं नाव?" मग म्हणाला, २६ पर्यंत मेलेलाच राहतो. "मन्हं काय जास?"
अक्का म्हणाली, मी येते ग्रामसभेला, पांढरं लुगडं नेसू का? तो तिच्यावर ओरडला.
मी निघालो तेव्हा बाजेवरून म्हणाला, "पन नानाले एकदा दखनं व्हतं."

२० जाने.
एसटीत दिवसभर हेच डोक्यात. नानाला न सांगता पण जमेल. अक्का येईल, उभी राहील, ठराव होईल, पुलावर नाव. मग निवांत सांगू. पण त्या दोघांकडे निवांत किती उरलंय…
धुळ्याला उतरून पुन्हा उलट्याच, शहादा गाडीत बसलो होतो. सुटायच्या आधी उतरलो.

२१ जाने., बुध.
सांगितलं. नाना ओट्यावर होता.  सुनेने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मग विचारलं, "दात शेतस का त्याले?"
नाहीत, म्हणालो.
"मालेबी नही."
मी म्हणालो, नाना, २६ होऊ दे, मग भेटा. आधी भेटलात तर नाव गेलं, स.भाऊंच्या वडिलांचं लागेल. नाना उठला आणि शेताकडे निघून गेला. काठी न घेता.

२३ जाने.
दोन दिवस नाना टाकीपाशी जाऊन बसतो. सरपंच दोनदा विचारून गेले, मिस्तरींच्या घरचं कोण येतंय? मुलगी येतेय म्हणालो. सरपंच खूश. मला पाय घरात ठरेनात, उगाच फाट्यावर चकरा.
संध्याकाळी नानाने हाक मारली. "आन त्याले. पुलनं काय ते मंग दखसूत."
म्हणालो, नाव जाईल ना.
"आन म्हनस ना."

२५ जाने., रवि.
आणलं. मिस्तरी, अक्का, एक पिशवीभर शेंगा. घरी गुपचूप न्यायचं मी ठरवलेलं, पण नाना फाट्यावर येऊन बसला होता, पुलाखाली, तात्याच्या टपरीवर, सगळ्यांच्या देखत. धुतलेलं धोतर. मिस्तरी एसटीतून उतरला. दोघं एकमेकांसमोर उभे. मिठी वगैरे काही नाही.
नाना म्हणाला, "तुन्हा नावनी आंघोळ करी मी. कपडासगट. थंडीमा."
मिस्तरी म्हणाला, "तेवढी तरी करी ना."
मग दोघं खुर्च्यांवर बसले आणि नाना रडला. तात्याने काही न विचारता चहा ठेवला.

थोड्या वेळाने स.भाऊंची गाडी थांबली. उतरले, वाकून दोघांच्या पाया पडले, ते कोणाच्याही पडतात. "नाना, पाहुणे कुठले?"
टपरीवर कोणी हलेना. अक्काने माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हणत होतो, नाना, सोयरा सांग, व्याही सांग, काहीही सांग.
"हऊ दगा मिस्तरी शे," नाना म्हणाला. "ती टाकी यानीच बांधेल शे."
मला वाटलं स.भाऊ हसतील. नाही हसले. खुर्ची ओढून बसले. टाकीकडे बघितलं, मिस्तरीकडे बघितलं. म्हणाले, मग आता काय करता, नियम आहे. तुमची दोघांची नंतर लावू ना. नक्की लावू.
नानाने विचारलं, "नंतर म्हंजे कव्हय?"
स.भाऊ चहा प्यायला लागले.

आता दोघं आमच्या ओट्यावर आहेत. फरशीला कोणाच्या शेतातले दगड आणले होते यावरून वाद चाललाय, अक्का मध्ये पडत नाही. सरपंच येऊन गेले, डोक्याला हात लावून. उद्या ग्रामसभा. नाना म्हणतो, भटक्या, तूच उभा राहा, तूच बोल. काय बोलू विचारलं तर दोघंही म्हणतात, तुझं तू बघ.
परवा फाट्यावरच्या चकरांत उद्या सकाळच्या सुरत गाडीचं तिकीट काढलेलं आहे मी. ते अजून रद्द केलेलं नाही.