निळ्या गाडीवरचे ठसे

ती. दादा यांस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा जेवढी वाकले तेवढंच गोड मानून घे.) तुझा गुडघा आता ठणठणीत आहे असं तू लिहिलंस, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. कळ आली की माणूस पेन दाबतो. तुझ्या पत्रात अशा सात जागा आहेत, मी भिंगाखाली मोजल्या. वहिनीला पेन दे आणि खरं काय ते तिला लिहू दे. इथे सगळं ठीक आहे, निदान वरवर तरी तसं दिसतंय.

तू म्हणशील, बोटांच्या ठशांच्या खात्यातून निवृत्त झालीस तरी तुझी खोड जात नाही. दादा, बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटांवरचे शंख-चक्र बघण्यात गेल्यावर माणूस हस्तांदोलनसुद्धा पुरावा म्हणूनच करतो. त्यातून जुनी गाडी घ्यायची म्हटल्यावर तू चार पानं सल्ला पाठवलास, म्हणजे आधीच मर्कट! मी तो अक्षरशः पाठ केला. मीटर फिरवता येतो, म्हणून ब्रेकच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय ते बघावं. पायाखालच्या मॅटखाली हात घालून ओल तपासावी. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावं, पोचा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागी ते धरत नाही. आणि इंजिन गार असतानाच सुरू करायला लावावं, कारण विकणारे आधीच तापवून ठेवतात. (यातलं तुला स्वतःला काय काय फसल्यावर कळलं, ते वहिनीने मला फोनवर सांगितलंय.)

तर मी लोहचुंबक, टॉर्च आणि भिंग घेऊन गेले. गाडी निळी, चौदा वर्षांची, आणि मीटरवर फक्त एकेचाळीस हजार किलोमीटर. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मालक निवृत्त घड्याळजी, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. मी गाडीखाली वाकले तर त्यांनी बसायला स्टूल आणून दिलं. माझं भिंग पाहिलं आणि आपलं घड्याळाचं भिंग माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हे घ्या, यातून जास्त दिसेल." आता सांग, ज्याला काही लपवायचं नाही तो माणूस असं वागेल का? गाडीत दोष काय म्हणून विचारलं, तर त्यांनी आपण होऊन सांगितलं की वायपर कुरकुरतो आणि मागचं डावं दार हळू लावलं तर लागत नाही. विकणारा स्वतःच दोष सांगतोय म्हणजे मोठा दोष झाकायला छोटे पुढे करतोय, हे शेंबडं पोरही ओळखेल. पण चुंबक सगळीकडे चिकटलं, मॅटखाली कोरडं निघालं, इंजिन गार होतं आणि पहिल्या चावीला सुरू झालं. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून नाइलाजाने गाडी घेतली.

खरा प्रकार त्यानंतर सुरू झाला. दर रविवारी अकराच्या ठोक्याला घड्याळजींचा फोन. टायरमधली हवा गाडी गरम व्हायच्या आत तपासा. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं तर गरम पाण्याने पुसा, पण आधी तार काढा. क्लचवर पाय ठेवून बसू नका. विकलेल्या गाडीची अशी विचारपूस दादा, तूसुद्धा कधी केली नाहीस. (तुझी ती हिरवी गाडी विकल्यावर तर तू घर बदललंस.) कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड होतं. मी गाडी एका मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, काही झालेलं नाही. म्हणजे हा त्यांचा मित्र. दुसऱ्याकडे नेली. त्याने पाहता पाहता सात बिघाड काढले. इतक्या दिवसांनी एक सरळ माणूस भेटला म्हणून मला भरून आलं, तोच त्याने तुमच्या इंजिनातलंच म्हणून एक फिल्टर काढून दाखवला. त्यावर बोटभर गंज होता आणि गंजावर कोळ्याचं जाळं होतं. गाडी मी दहा मिनिटांपूर्वी चालवत आणली होती. तिसरी एक मेकॅनिक बाई होती. तिने अर्धा तास सगळं तपासलं, हात पुसले आणि म्हणाली, "गाडी छान आहे हो. तुम्ही रात्री झोपता का नीट?" हिला मी अजून पूर्ण ओळखलेलं नाही.

आणि मग एका बुधवारी दुपारी मला ठसे सापडले. सकाळीच मी गाडी पुसली होती, आणि आता चालकाच्या बाजूच्या काचेवर चार बोटं आणि बॉनेटवर एक अंगठा! मी वर जाऊन शिसपेन्सिलीची पूड केली, कुंचला आणि चिकटपट्टी घेतली आणि ठसे उचलले. (खालच्या मजल्यावरची शिंपीण बघत होती. तिला म्हटलं, पॉलिश करतेय.) गाडीची कागदपत्रं घड्याळजींनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून दिली होती, त्यावरचा अंगठा मी पहिल्याच दिवशी उचलून ठेवला होता. जुळवून पाहिलं. चक्र, मधोमध जुना व्रण, चौदा खुणा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. अंगठा त्यांचाच! याच्याकडे दुसरी चावी आहे, माझी गाडी बाहेर फिरते आणि चोर मलाच रविवारी फोन करून हवा तपासायला सांगतो, असं मी ताडलं. राग तर आलाच होता, पण खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला निवृत्तीनंतर कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी जेवण उरकून मी मागच्या सीटपुढच्या जागेत चादर पांघरून बसले. घामाच्या धारा, पायाला मुंग्या. तासाभराने पावलं वाजली. चादरीच्या फटीतून पाहिलं, तर घड्याळजी खिशातून हवा मोजायचं यंत्र काढून एकेका टायरशी बसत होते. मग त्यांनी कापडाने दिवे पुसले. मग पिशवीतून नवं वायपरचं रबर काढलं आणि बसवायला लागले, पण ते जागेवर जाईना. दादा, त्यांचे हात कापत होते. केसाएवढे स्क्रू पिळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला वीतभर रबर खाचेत घालता येत नव्हतं. तिसऱ्यांदा ते खाली पडलं तेव्हा मला राहवलं नाही आणि मी चादरीसकट उठले.

"बाई," ते काचेतून म्हणाले, "तुम्ही गाडीत काय करताय?"

"ती माझी आहे! तुम्ही बाहेर काय करताय?"

मी दार उघडलं, दुसरी चावी मागितली. दुसरी चावी नव्हतीच. मग हळूहळू म्हणाले, "दुकान बुधवारी बंद असायचं. चौदा वर्षं बुधवारी हिला धुतलं. आधी बायको आणि मी मिळून, ती गेल्यावर एकट्याने. हात असे झाले म्हणून चालवणं सोडलं, विकून टाकली. पण बुधवार उजाडला की हे हात ठेवू कुठे तेच कळत नाही." रबर त्यांच्या हातातून घेतलं आणि बसवलं. (उलटं बसवलं. त्यांनी ते सांगितलं नाही, मला घरी गेल्यावर कळलं.)

तेव्हापासून बुधवारी ते शेजारच्या सीटवर बसतात. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतात, "आता तिसरा टाका." मागे घेताना मी खांबाला घासली तरी हूं की चूं करत नाहीत. पण आता त्यांची लेक त्यांना आपल्याकडे कायमचं न्यायला महिनाअखेर येतेय, गाडी विकायला तेही एक कारण होतं. हे त्यांनी मला परवा सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. जाऊ दे. एकूण गाडी चांगली निघाली असं सध्या तरी दिसतंय, एवढंच कळवायचं होतं.

वहिनीला नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझी,
धाकटी

ता. क. : मी त्यांना इथेच राहा म्हणून सांगितलं आहे. इथेच म्हणजे माझ्या घरी. तू एकदम उभा राहू नकोस, गुडघा दुखेल. ते विचार करून बुधवारी सांगणार आहेत.

ता. ता. क. : लेक राहते ते तुझ्याच गावात, नदीपलीकडे. तेव्हा पत्राचं खरं काम हे, की तू तिकडे जाऊन घड्याळजींची गुपचूप चौकशी कर. स्वभाव, तब्येत, घोरतात का, सगळी. माझं लग्न जमवताना सांगून आलेले तिन्ही मुलगे तू असेच चौकशी करून बाद केले होतेस, त्यामुळे कसं करायचं ते तुला माहीतच आहे.

ता. ता. ता. क. : चौकशीत काही वाईट निघालं, तर मला कळवू नकोस.