होकार आधीच लागतो

पोर्टलंड,
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय लायल,

तू पेंडलटनला सुखरूप पोचलास हे मला तुझ्या शेजारणीकडून कळलं. स्वतः फोन केला असतास तर पाप लागलं असतं बहुतेक. गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतायत की अजून रुसलेल्याच आहेत? मी बरी आहे. जेवते. काल सूपबरोबर पावाचे चांगले दोन तुकडे खाल्ले. तू करून ठेवलेला खिम्याचा मीटलोफ मात्र अजून फ्रीजमध्ये आहे. इतकं मीठ आपल्या आईनेसुद्धा कधी घातलं नव्हतं, आणि तिचा हात काय होता ते तुला ठाऊक आहे.

सोमवारी डॉक्टर अ‍ॅब्रमसनकडे जाऊन आले. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुझे आभार मानायचे आहेत. तोंडावर मानले असते तर तू ट्रकची काच पुसायला लागला असतास, म्हणून पत्र.

त्या दिवशी ग्रेटा ती कागदी पिशवी घेऊन आली तेव्हा तू माझ्या घरी होतास हे माझं नशीब. बिचारीचा हेतू चांगलाच होता. तिला वाटलं, शेजारीण पहाटे उठून दार उघडून बसते, भीतीने झोपत नाही, तर ते भास घडवणारे चार मशरूम खाऊन हिला बरं वाटेल. तिच्या कुठल्याशा मित्राच्या मित्राने तळघरात पिकवलेले. आणि तू, आयुष्यभर शेरिफच्या खात्यात डेप्युटी, ज्या गोष्टीसाठी पोरांना बेड्या घालत आलास तीच माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर! तुझा चेहरा बीटासारखा लाल झाला होता.

"कोणी पिकवलं, किती ताकदीचं, त्यात आणखी काय आहे, काही ठाऊक आहे तुला? तू काय सोळा वर्षांची आहेस, नोरीन?"

"सोळा वर्षांची असते तर मरायची भीती वाटली नसती," मी म्हणाले.

ते मी पहिल्यांदाच बोलले. तोवर मी सगळ्यांना सांगत होते की झोप येत नाही ती कॅन्सरच्या औषधांमुळे. तू उठलास. पिशवी घेऊन न्हाणीघरात गेलास, संडासात ओतून पाणी सोडलंस. मला वाटलं, विषय संपला. तर बाहेर येऊन म्हणतोस कसा, "घ्यायचंच असेल तर परवाना असलेल्या जागी घे. राज्याने आता तसा कायदा केलाय. मला तो पटत नाही. पण कायदा तो कायदा."

लायल, ज्याला एखादी गोष्ट पटते त्याने मदत केली तर त्यात काय मोठं! तुला पटत नव्हतं, तरी माझ्यासाठी तू परवानेवाल्यांची सरकारी यादी शोधलीस आणि त्यातल्या एका बाईला, मारिबेलला, फोन करून आरोपीला विचारावं तसं विचारलंस. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत होते. "तुमचा माल तपासतं कोण? प्रयोगशाळेचं नाव सांगा. माझ्या बहिणीला काही झालं तर तुम्ही काय करता?" मारिबेल अजून हसते त्यावर. म्हणते, "इतके प्रश्न मला परवाना देतानासुद्धा कोणी विचारले नव्हते."

ग्रेटालाही आता यातला फरक कळलाय. अ‍ॅब्रमसन म्हणाली होती की ती हे लिहून देऊ शकत नाही, पण माझ्या गोळ्या पाहता अडवणारही नाही. तेव्हा ग्रेटाला आश्चर्य वाटलं होतं की एवढी चौकशी कशाला. मी तिला सांगितलं, अगं, माझ्या गोळ्यांपैकी कुठली यात आडवी येते, हृदय सोसेल का, घरात कोणाला वेड लागलं होतं का, हे सगळं आधी पाहतात. एखादीला तिच्या भल्यासाठी परतही पाठवतात. आणि तिथेच, त्यांच्यासमोर खायचं, घरी काही न्यायचं नाही, घरी नेणारं माणूस आधी ठरलेलं हवं. तुझ्या पिशवीत यातलं काय होतं? ती म्हणाली, "प्रेम होतं."

तयारीच्या बैठकीला तू माझ्याबरोबर आत आलास. तिथे जे झालं ते मला लिहायचंच आहे. मारिबेलने स्पष्ट सांगितलं, मी डॉक्टर नाही, आजार बरा होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी फक्त सोबत करते. मग शेवटी विचारलं, "मधेच घाबरलात तर मी तुमचा हात धरलेला चालेल? खांद्यावर हात ठेवू? हे आत्ता ठरवावं लागतं. एकदा सुरू झालं की नव्याने दिलेला होकार मला घेता येत नाही. तेव्हा तुम्ही तुमच्या ताब्यात नसता."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू छताकडे पाहत होतास.

"नको," मी म्हणाले. "आमच्या घरात तसलं काही नसतं."

"हात लावलात तर चावेल ती," तू म्हणालास, आणि आपण दोघं हसलो.

खरंच आहे ते. आईला पुरलं त्या दिवशीही आपण दोघांनी हस्तांदोलन केलं होतं, बँकेत करतात तसं.

तर आता मशरूम घेतले त्या दिवसाचं. तू काही विचारलं नाहीस, पण तुला ऐकायचं असणार. सुरुवातीला काहीच झालं नाही. मी पडदे किती सुंदर शिवलेत ते पाहत पडले होते. मग ती आली, पहाटे येते तीच भीती, फक्त या वेळी दार उघडून बाहेर बसायची सोय नव्हती. मला वाटलं, मी आत्ता, या क्षणी जाणार, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. मी हात पुढे केला. म्हणाले, "धर."

मारिबेल खुर्ची ओढून अगदी जवळ आली. म्हणाली, "नोरीन, तुम्ही आधी नको म्हणाला होतात. मी तो शब्द मोडणार नाही. पण मी इथेच आहे. उठणार नाही."

"चुलीत घाल तुझा नियम! धर म्हणते ना!"

शाळेची बस चालवली त्या सगळ्या वर्षांत मी पोरांवर अशी ओरडले नसेन. तिने आवाज चढवला नाही. एक लोकरी पांघरूण गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि तिथेच बसून राहिली, इतकी जवळ की मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी ते पांघरूण पिळत रडले. मला बाबा दिसले, रात्रीच्या जेवणाला बसलेले, गव्हाचा भुसा बोटांच्या भेगांत अडकलेला. आणि लायल, मला आठवेना की ते हात गरम असायचे की गार. मला माहीतच नव्हतं. आपण सगळे त्या टेबलाभोवती हात मांडीवर ठेवून बसलो होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला हात धरलेला नको असेल.

त्यानंतर कधीतरी भीती ओसरली. गेली असं म्हणणार नाही. बसमधल्या दंगेखोर पोराला मी उठवून माझ्या मागच्याच बाकावर बसवायचे, तसं झालं आहे. ती आहे, पण मला आरशात दिसते, आणि गाडी मी चालवते. तेव्हापासून मी पहाटे दार उघडलेलं नाही.

मारिबेलवर मी चिडले होते, पण दुसऱ्या दिवशी मला कळलं की त्या बाईने केवढं सांभाळलं मला. मी इतकी गयावया केली, तरी माझ्या शुद्धीतल्या शब्दापुढे तिने माझंही ऐकलं नाही. अशा माणसासमोरच इतकं उघडं पडता येतं. मी तिला तसं सांगितलं. तिचे डोळे भरले. तिने विचारलं, "मिठी चालेल?" आणि मी, चावणारी बाई, चालेल म्हणाले.

आणि तू. तुला सांगितलं होतं की हॉटेलवर जा, फोन केला की ये. तू दिवसभर समोरच ट्रकमध्ये बसून होतास. मारिबेलने खिडकीतून दाखवलं मला, "ते अजून पहारा देतायत." गाडीत बसल्यावर मी तुझ्याकडे हात पुढे केला. तू थर्मासचं झाकण उघडून त्यात कॉफी ओतून माझ्या हातात दिलीस. मी प्यायले. मला कॉफी नको होती रे.

बघ, पुन्हा ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. सोमवारचं लिहिते.

कॅन्सर आता यकृतातही आहे. अ‍ॅब्रमसनने केमोच्या तिसऱ्या फेरीबद्दल विचारलं. मी विचारलं, त्याने काय मिळेल? ती खरं बोलणारी बाई आहे. म्हणाली, थोडे दिवस, आणि त्यातले बरेचसे उलट्यांत जातील. मी नको म्हणाले. ती म्हणाली, तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. आता दुखू नये एवढंच पाहायचं, नर्स घरी येतील. तुझ्या शेजारणीकडे "सगळं ठीक" असा निरोप दिला तो याचसाठी, की तू लगेच ट्रक काढला असतास आणि मला हे नीट सांगता आलं नसतं. मी हार मानून हे ठरवलेलं नाही, रागावू नकोस. उन्हाळ्यात ठरवलं असतं तर ते भीतीने झालं असतं. आज तसं नाही, आणि हे मला तुझ्यामुळे मिळालं.

म्हणून एक मागते. शेवटच्या वेळी मी औषधांच्या गुंगीत असेन, आणि स्वभावाला औषध नाही. तू आलास की म्हणेन, "जा, कोंबड्यांना दाणे घाल, माझ्याजवळ काय बसतोस." ते खरं धरू नकोस. होकार आधी द्यायचा असतो, तो मी आज देते आहे. माझा हात धर, लायल. दोन्ही हातांनी धर, आणि मी जाईपर्यंत सोडू नकोस.

तुझाही होकार लागेल. तुला पत्र लिहवणार नाही, आणि फोनवर तू गप्पच बसशील. नुसतं "हं" म्हणालास तरी मला पुरे आहे.

पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे,
तुझी बहीण
नोरीन